पायथ्याची नऊ झाडं

सुताराच्या पडवीत, वाशांखाली, लाकडाच्या चकत्या ओळीनं टांगलेल्या होत्या. दर पानगळीत वरच्या रानातून जे पहिलं झाड खाली यायचं, त्याच्या बुंध्याची चार बोटं जाडीची चकती कापून ठेवायची, हा त्या घराचा जुना शिरस्ता. कशासाठी, हे कुणाला ठाऊक नव्हतं. आज्यानं ठेवल्या, बापानं ठेवल्या, म्हणून सुतारही ठेवत आला. त्याची बायको दर पावसाळ्याच्या तोंडी म्हणायची की यातल्या निम्म्या चुलीत घातल्या तर महिनाभराचं सरपण होईल. सुतार तेवढ्यापुरता बहिरा व्हायचा.

गाव तीसेक उंबऱ्यांचं. तीन बाजूंना डोंगर, चौथीला ओढा. सूर्य उशिरा यायचा आणि पाहुण्यासारखा लवकर निघायचा. घरं दगडाची, छपरंही दगडी पाट्यांची. शेतं म्हणजे उतारावर बांध घालून काढलेल्या पायऱ्या, त्यातली एखादी इतकी अरुंद की बैल वळवला तर त्याचं तोंड एकाच्या शेतात आणि शेपूट दुसऱ्याच्या, असं लोक थट्टेनं म्हणत. असल्या गावाला पंचक्रोशी ओळखत होती ती फक्त नांगरांमुळे. खालच्या दरीतली माणसं दोन दोन दिवस चालून इथला नांगर न्यायला यायची.

नांगराचं मर्म त्याच्या बाकात. सरळ ओंडक्यातून कापून काढलेला बाक दगडाला अडला की रेषेवर मोडतो, झाडातच वाढलेला बाक माणसाच्या आयुष्याला पुरतो. आणि अशी वाकून वाढलेली झाडं गावाच्या डोक्यावरच्या उतारावर भरपूर होती. सगळ्यांच्या तोंडी त्याचं नाव बाकाचं रान. गावाची कथाही तिथूनच सुरू व्हायची. सात कुटुंबं जमीन शोधत चालली होती, वाटेत मूळपुरुषाचा नांगर मोडला, त्यानं वर पाहिलं तर डोंगरानं नांगर उगवून ठेवलेले, मग पुढं कशाला जायचं म्हणून ती सात घरं इथंच राहिली. खरंखोटं तो मूळपुरुष जाणे, पण गाव ही कथा सांगताना छाती काढून सांगायचं.

गेल्या दहा वर्षांत रान जास्तच उदार झालं होतं. पूर्वी बाक मुळाशी असायचा, तो मिळवायला झाड खणून काढावं लागे. हल्ली बाक गुडघ्यावर, कमरेवर येऊ लागला होता, कुऱ्हाडीच्या सोयीचा, जसा सुताराला विचारूनच झाडं वाकत होती. तरणी झाडंसुद्धा छान वळण घेत होती. कारभारी, म्हणजे गावचा प्रमुख, पारावर बसून म्हणायचा की आपल्या गावावर डोंगराची माया वाढली आहे. सुतारालाही ते ऐकायला बरं वाटायचं.

त्या वर्षी पानगळीत घरात गडबड होती. सुताराचा भाऊ वेगळं घर बांधत होता. तो सुताराहून चौदा वर्षांनी लहान. पन्नाशीला टेकला तरी गाव त्याला धाकटाच म्हणायचं आणि हे त्याला सलत असावं. दोन खोल्या आणि पडवीत दोन भावांचे संसार तीस वर्षं रेटले गेले होते. आता धाकट्याच्या मुलाचं लग्न ठरत होतं. मुलीकडच्यांनी घर पाहिलं, चहा घेतला, आणि नवी सून झोपणार कुठं हे न विचारता ते निघून गेले. ते न विचारणंच धाकट्याच्या बायकोला झोंबलं. त्यानंतर आठच दिवसांत धाकट्यानं बाकाच्या रानाखालच्या सपाटीवर कुदळ मारली. गावात तेवढीच काय ती सपाट जागा. आजवर तिथं फक्त गुरं चरायची.

पाया खणताना जमिनीखाली कमरभर अंतरावर एक जातं निघालं. पालथं पडलेलं, खुंटा मोडलेला. सगळ्यांनी हात लावून पाहिलं. घर उभं राहायच्या आधी धान्याचा दगड हाती आला, याहून चांगला शकुन कोणता, असं कारभारी म्हणाला. धाकट्यानं ते धुऊन भिंतीशी ठेवलं. चौकट मात्र दादाच्या हातची हवी, असं तो स्वतः येऊन सांगून गेला आणि सुतारानं त्यासाठी आठ वर्षं सुकवलेलं अक्रोडाचं लाकूड माळ्यावरून उतरवलं. दोघा भावांचं एवढं गोड बोलणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

अशात एक दिवस शाळेच्या मास्तरीणबाई पडवीत आल्या. बाई बाहेरगावच्या, गावात तिसरं वर्ष. शाळेच्या दर्शनी भिंतीवर गावाचा इतिहास लिहायचा त्यांनी घाट घातला होता. गाव किती जुनं, हे विचारत त्या घरोघर फिरल्या आणि जितकी घरं तितकी उत्तरं घेऊन आल्या. चकत्यांची वळी मोजली तर निदान झाडांची वयं तरी कळतील, असं त्यांच्या मनात आलं. विणायची सुई घेऊन त्या एकेक वळं मोजत बसल्या. मोजता मोजता त्यांनी विचारलं की गाभा मधोमध का नाही.

"वाकड्या झाडाचा गाभा कडेला पळतो, बाई," सुतार म्हणाला. "वाकडा माणूस नाही का मनातलं कडेला ठेवत, तसं."

बाई हसल्या. मग यंदाच्या चकतीवर सुई ठेवून म्हणाल्या, "पण हिची आतली वळी तर बांगडीसारखी गोल आहेत. ही पळाली ती नंतर."

बाई आकडे लिहून गेल्या. सुतार रंधा मारायला बसला, पण रंधा चालेना. अंगणात यंदाचे पाच बुंधे पडले होते. तो उठला, पटाशीनं पाचही बुंध्यांचे काप साफ केले आणि सालीकडून आत मोजायला लागला. दहा वळी एका अंगाला रुंद, दुसऱ्या अंगाला चिमटलेली. अकरावंही तसंच. बाराव्यापासून आत सगळं गोल. दुसऱ्या बुंध्यालाही अकरा. तिसऱ्याला अकरा. एक झाड चोवीस वर्षांचं होतं, एक साठीचं, त्याच्याच वयाचं. पाचही अकरा वर्षांपूर्वी एकदम कलली होती.

मग त्यानं आज्याच्या आणि बापाच्या चकत्या उतरवल्या. त्यांचा गाभा पहिल्या वळ्यापासूनच कडेला होता. त्या झाडांना रोप असताना बर्फानं दाबलं होतं, हा झाडाचा नेहमीचा भोग. पण पन्नास वर्षं सरळ उभं राहिलेलं झाड बर्फानं वाकत नाही. त्याच्या पायाखालची जमीन हलली तरच ते वाकतं. चाळीस वर्षं लाकडात हात घालणाऱ्या माणसाला हे समजायला मास्तरीण यावी लागली, याची त्याला लाज वाटली.

अकरा वर्षांपूर्वी काय झालं होतं, हे त्याला कुणाला विचारायची गरज नव्हती. त्या साली ओढ्यावरचा जुना पूल वाहून गेला. शाळा, दवाखाना, बाजार, सगळं पलीकडं. नव्या पुलाला लांब सरळ लाकूड हवं होतं आणि असं लाकूड होतं फक्त बाकाच्या रानाच्या पायथ्याला, नऊ झाडं, दोन माणसांच्या कवेत न मावणारी. आज्या सांगायचा, बाकाचं कापा, पायथ्याचं राखा. का, ते त्यानं सांगितलं नाही, किंवा त्याच्याही बापानं त्याला सांगितलं नव्हतं. गाव हात जोडून दारात उभं राहिलं. सुतारानं तीन दिवस नाही म्हटलं, चौथ्या दिवशी कुऱ्हाड उचलली. त्या पुलासारखं काम त्याच्या हातून पुन्हा झालं नाही. पुलावरून जाताना तो अजून कठड्यावर हात फिरवायचा.

आणि त्यानंतर रान छान वाकायला लागलं. अकरा वर्षं सगळं गाव डोंगराच्या मायेचं कौतुक करत होतं. डोंगर घसरतो आहे, हे त्याच झाडांचे नांगर रोज हातात धरूनही कुणाला कळलं नाही. सगळ्यात जास्त नांगर त्यानंच केले होते.

दुसऱ्या दिवशी तो ओळंबा, सुतळी आणि खुंट्या घेऊन रानात चढला. पाचोळ्यात पाय घोट्यापर्यंत बुडत होते. माथ्याजवळ एका ठिकाणी पाय गुडघ्यापर्यंत गेला. त्यानं हातानं पानं उपसली. खाली भेग होती, दोन हात रुंद, उताराला आडवी, डावीकडं उजवीकडं दिसेल तिथवर गेलेली, वरून पानांनी साळसूदपणे झाकलेली. त्यानं भेगेच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकल्या, अंतर काठीवर खूण करून घेतलं, सुतळी ताणून बांधली आणि खाली आला. बायकोनं विचारलं, कुठं होतात. तो म्हणाला, लाकूड बघत होतो.

महिन्यानं तो पुन्हा गेला. सुतळी तुटलेली होती. काठीवरची खूण आणि खुंटी यांत तीन बोटांचा फरक पडला होता.

तो तसाच खाली सपाटीवर उतरला. भिंती खांद्यापर्यंत आल्या होत्या. धाकटा चिखल मळत होता, त्याची बायको दगड उचलून देत होती, दोघांच्या हातांची सालटी निघाली होती. सुतारानं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. वळी, भेग, तीन बोटं आणि नऊ झाडं. धाकट्यानं खाली पाहून ऐकलं. मग हात न धुताच तो उभा राहिला.

"दादा, तीस वर्षं मी तुझ्या पडवीत अंग चोरून झोपलो. आता चार भिंती घालतोय, तर डोंगर पडायला निघाला?"

"डोंगराला तुझं घर दिसत नाही रे. मला दिसतंय."

"तुला काय दिसतंय ते मला ठाऊक आहे," धाकटा म्हणाला आणि पुन्हा चिखलात उतरला. त्याच्या बायकोनं पदर तोंडाला लावला.

गोष्ट कारभाऱ्याकडं गेली. शाळेच्या ओट्यावर गाव जमलं. सुतारानं पाच बुंध्यांच्या चकत्या पाठीवरून नेल्या होत्या. त्या त्यानं मांडल्या आणि वळी दाखवायला लागला. पुढच्या दोघांनी वाकून पाहिलं, मागच्यांना लाकडं दिसली. कुणीतरी म्हणालं, साप साप म्हणून भुई धोपटायचं वय झालं सुतारदादाचं. दुसरा म्हणाला की नऊ झाडं तोडली म्हणून डोंगर पडतो तर मग पूल कुणासाठी बांधला, गावासाठीच ना, मग आता गावाला कशाला घाबरवतो. सुतार म्हणाला की दोष गावाचा नाही, कुऱ्हाड माझी होती. त्यावर एक म्हातारा आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. सगळ्यांना ती म्हण भावाभावांच्या भांडणावर आहे असं वाटलं आणि ते हसले. सुताराला ती जिथं लागायची तिथं लागली.

कारभाऱ्यानं शेवटी निवाडा केला. सपाटीवर जातं निघालं आहे, म्हणजे पूर्वी तिथं माणसं राहत होती, म्हणजे जागा राहण्याजोगी आहे. मास्तरीणबाईंनी तर ते इतिहासात लिहूनही टाकलं आहे.

"राहत होती," सुतार म्हणाला. "मग ती गेली कुठं? आपल्या कथेत तर सात घरांच्या आधी इथं कुणी नव्हतंच. आणि जातं कमरभर मातीखाली कुणी नेऊन ठेवलं?"

मास्तरीणबाईंनी भिंतीवरच्या ओल्या अक्षरांकडं पाहिलं. मग कारभाऱ्यानं खाकरून विचारलं की चौकट करणार की नाही एवढं सांग. सुतार म्हणाला, नाही. त्या नाहीनंतर लोक उठले. आपल्या सख्ख्या भावाच्या घराला चौकट नाकारणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

थंडीभर दोन्ही संसार एकाच छपराखाली मुक्यानं राहिले. चुली वेगळ्या झाल्या. पाण्याची घागर कुणी आधी भरायची यावरून बायकांच्यात धुसफूस झाली, आणि सुतारीण, जिनं जावेची दोन्ही बाळंतपणं केली होती, पाण्याला मुद्दाम उशिरा जाऊ लागली. बर्फ विरघळायला लागलं तेव्हा धाकट्यानं खालच्या गावातून चौकट आणवली. चार माणसं ती खांद्यावर घेऊन सुताराच्या दारावरूनच गेली, दुसरी वाट असूनही. यंत्रावर कापलेलं सरळसोट लाकूड, सांध्यांना खिळे. सुतारानं पटाशी खाली ठेवली आणि ती नजरेआड होईपर्यंत पाहिलं. काम बरं होतं, फक्त लाकूड कच्चं होतं आणि सांधे घाईत केले होते.

छपर चढलं. राहायला जायचा दिवस ठरला. दरम्यान सुतार तीनदा वर जाऊन आला होता. भेग आता चार हात झाली होती. आदल्या दिवशी तो कारभाऱ्याच्या अंगणात गेला, धाकट्याला तिथंच बोलावून घेतलं आणि चारचौघांत म्हणाला, "जुनं घर, पडवी, माळा, सगळं तुझं. परसातलं अक्रोडाचं झाडसुद्धा. त्याच्या बदली नवं घर मला दे."

धाकटा आधी समजलाच नाही. समजलं तेव्हा तो हसला. ते हसू ऐकून कारभाऱ्यानंसुद्धा मान वळवली.

"आत्ता उजेड पडला. डोंगर पडतोय, डोंगर पडतोय. तुला नवं घर पाहिजे होतं, होय ना दादा?"

सुताराच्या तोंडापर्यंत बरंच काही आलं होतं. भावाला त्यानं कडेवर वाढवला होता. बाप गेला तेव्हा धाकटा सहा वर्षांचा होता, त्याला पहिलं खेळणं, एक वीतभर नांगर, यानंच करून दिला होता. ते सगळं त्यानं गिळलं.

"तसं समज," तो म्हणाला.

सौदा धाकट्याच्या फायद्याचा होता, जुनं घर मोठं होतं आणि गावाच्या मध्यात. त्यानं होकार दिला, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की सुतारानं किती लांबून डाव टाकला होता. सुतारिणीला ही बातमी शेजारणीकडून कळली. ती लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. चूल तिनं लिंपली होती, ओटा तिनं सारवला होता. नवरा घरी आला तेव्हा ती भांडी बांधत बसली होती.

"मला आधी विचारलं असतं तरी मी हो म्हणाले असते," ती म्हणाली. "विचारलं नाहीत, एवढं मात्र मी लक्षात ठेवीन."

तिनं खरंच लक्षात ठेवलं.

दोघं नव्या घरात राहायला गेलीच नाहीत. ओढ्यापलीकडं, पुलाच्या वरच्या अंगाला, त्यांचा एक पडका गोठा होता. तो शाकारून त्यांनी तिथं चूल मांडली. आणि आठवड्याभरात सुतारानं नव्या घराचं छपर उतरवायला घेतलं. पाट्या काढल्या, वासे काढले, तुळया ओढून रानाच्या पायथ्याशी नेल्या. जिथं नऊ बुंध्यांचे खुंट कुजत होते, तिथं तुळया आडव्या-उभ्या रचून, त्यांच्या पोटात दगड भरून, त्यानं उताराला टेकू म्हणून अडण बांधायला सुरुवात केली. मागं रोपं लावली. दिवसाला दहा-बारा दगड, म्हाताऱ्याच्या अंगात होते तेवढे. भिंती त्यानं राहू दिल्या, आणि चौकटही. भावानं आणलेल्या त्या लाकडाला हात लावायला तो धजला नाही.

छपर उतरताना पाहिलं तेव्हापासून धाकटा बोलायचा बंद झाला. स्वतःच्या हातानं बांधलेलं घर असं डोळ्यांदेखत उसवलं जाताना पाहणं सोपं नाही. घर हवं होतं म्हणून घेतलं असतं तर एकवेळ समजलं असतं, पण हे काय होतं, ते त्याला समजेना. गावालाही समजेना. शेवटी सुतारदादाच्या डोक्यावर परिणाम झाला असं ठरलं आणि त्यामुळं सगळ्यांचीच सोय झाली. मुलं अडणीपाशी जाऊन विचारायची, आजोबा, आज पडणार का डोंगर. तो म्हणायचा, आज नाही, जेवून घ्या.

तो नांगर करेनासा झाला. बाकाच्या रानात पुन्हा कुऱ्हाड लागणार नाही, असं त्यानं येणाऱ्यांना सांगितलं. लोक दोनदा आले, तिसऱ्यांदा खालच्या बाजारातून लोखंडी नांगर घेऊन आले. शाळेच्या भिंतीवर मात्र अजून लिहिलेलं होतं की हे गाव नांगरांचं.

अशी दोन वर्षं गेली. डोंगर पडला नाही. पहिल्या वसंतात भेग एक हात वाढली, दुसऱ्या वसंतात अगदी थोडी. सुतार सकाळी गोठ्याच्या दारात उभा राहून उताराकडं पाहायचा. एकदा जोराचा पाऊस आठ दिवस लागून राहिला, तेव्हा त्याला स्वतःच्या मनात काय चाललं आहे ते कळलं. पड बाबा एकदाचा, असं त्याचं मन म्हणत होतं. म्हणजे एकदा धाकट्याला कळेल. ज्या उताराला तो दिवसभर दगडांनी टेकू देत होता, तोच उतार पडावा म्हणून तो आतून वाट पाहत होता. त्या दिवशी तो जेवला नाही. बायकोनं कारण विचारलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तिला खरं सांगितलं. ती बराच वेळ चुलीत फुंकत राहिली. मग म्हणाली, माणूसच आहात. जेवा.

तिसऱ्या वर्षी बर्फ फार पडलं आणि एकदम वितळलं. एका दुपारी तो अडणीपाशी गेला तर पायथ्याचा झरा, जो वर्षभर काचेसारखा वाहायचा, तो गढूळ झालेला. तळहातावर पाणी घेतलं तर बोटांत माती राहिली. लावलेली रोपं एका दिशेला झुकली होती. वर रानात कुठंतरी मुळं तुटल्याचा आवाज आला, सुकं फडकं फाडावं तसा. सुतारानं पहार तिथंच टाकली. सदरा खुंटावर काढून ठेवला होता, तोही तो विसरला. गुडघ्यांत होता नव्हता तेवढा जोर लावून तो पुलाकडं आला, कारण सपाटीवरून जाणारी पायवाट पुलाशीच सुरू व्हायची आणि त्या वेळी ओढ्यापलीकडून माणसं परतत असायची.

तो वाटेच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून उभा राहिला. बाजारातून आलेल्या चारपाच बाया, एक मेंढपाळ आणि मास्तरीणबाई, एवढी माणसं तिथं अडली. मेंढपाळानं थट्टा केली, आज मुहूर्त निघाला वाटतं. बायांनी डोक्यावरची ओझी उतरवून श्वास घेतला. मास्तरीणबाई मात्र त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनीही हात पसरले.

मग बाकाचं रान उभंच्या उभं खाली निघालं. झाडं पडली नाहीत, पहिल्यांदा ती नुसती चालायला लागली. आवाज मागून आला. अडणीनं ते क्षणभर धरलं असेल नसेल. धूळ ओढ्यापर्यंत आली आणि बराच वेळ कुणाला कुणाचं तोंड दिसलं नाही. धूळ बसली तेव्हा सपाटी नव्हती. भिंती नव्हत्या. गावाची घरं बाजूला होती तशीच होती, पहिल्या घराच्या परसापर्यंत माती येऊन थांबली होती.

आपण खरे ठरलो, हे सुताराच्या लक्षात आलं. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली, ते समोर होतं. त्याला कसलंच सुख झालं नाही, तो नुसता पुलाच्या कठड्याला धरून उभा राहिला.

तेवढ्यात वरच्या शेतांकडून एक माणूस धावत येताना दिसला. बांधांवरून उड्या टाकत, पडत, उठत तो थेट ओल्या मातीत शिरला, जिथं अजून दगड गडगडत होते. तो धाकटा होता. पुलाकडं काय आहे ते त्याला त्या बाजूनं दिसत नव्हतं. त्याला एवढंच माहीत होतं की या वेळी दादा रोज अडणीपाशी असतो. मातीच्या कडेला खुंटाबरोबर वाहून आलेला सदरा त्याला दिसला. तो गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी माती उपसायला लागला. दादा, दादा, एवढंच तो म्हणत होता. सहा वर्षांचा असताना बापाच्या तिरडीमागं धावताना तो जशी हाक मारत होता, तशीच ती हाक होती.

मास्तरीणबाई ओरडणार होत्या, त्यांना सुतारानं हातानं थांबवलं. तो पूल उतरला आणि मातीच्या कडेकडेनं चालत गेला. पोचायला त्याला वेळ लागला. धाकट्याची नखं उलटली होती, बोटांतून रक्त येत होतं, आणि तो खणतच होता. सुतार त्याच्या शेजारी खाली बसला.

"मी इथं आहे," तो म्हणाला.

धाकट्याचे हात थांबले. त्यानं भावाकडं पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत, बाजारात जनावर पारखतात तसं. मग त्यानं मान खाली घातली आणि पुन्हा खणायला लागला, त्याच खड्ड्यात, तेवढ्याच जोरानं.

"आता काय काढतोयस?" सुतारानं विचारलं.

धाकट्यानं वर पाहिलं नाही. "चौकट," तो म्हणाला. त्याचा आवाज ओला होता. "लाकूड बरं होतं तिचं."

लाकूड बरं नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. सुतार सरकून गुडघ्यांवर आला.

"बरं होतं," तो म्हणाला, आणि दुसऱ्या बाजूनं माती उपसायला लागला.